बोटभर जखम, हातभर वाट

पोळ्याच्या आधी नाशिक जिल्ह्यातल्या गावांत बैलांची शिंगं साळतात. वरचा खडबडीत थर तासून शिंग गुळगुळीत करायचं, हिंगूळ लावायचा, बेगड चिकटवायची, टोकाला शेंब्या बसवायच्या. शेंब्या मिरवणुकीपुरत्या असतात. त्या उतरल्या की उरतं ते नुकतंच साळलेलं, चांगलं टोकदार शिंग. श्रावणी अमावास्येच्या संध्याकाळी वेशीत गर्दी असते, डीजे लागलेला असतो, कोणीतरी फटाक्यांची माळ पेटवतो. एखादा बैल बुजतो, मान झटकतो आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या जांघेत शिंग जातं. तो बाजूला होतो, बघतो तर बोटभर भोक. रक्तही फारसं नाही. ‘थोडक्यात निभावलं’ म्हणून लोक हळद दाबतात, पट्टी बांधतात आणि पुरणपोळीच्या पंगतीला बसतात.

निभावलेलं मात्र नसतं. बैल शिंग भाल्यासारखं सरळ खुपसत नाही. तो मान खाली घालतो, शिंग लावतो, वर उचलतो आणि उचलता उचलता डोकं हलवतो. कातडी लवचीक असल्यामुळे बाहेरचं भोक लहान राहतं आणि शिंगाचं टोक आत फिरतं. एकाच भोकातून आत दोन-तीन दिशांना वाटा फुटलेल्या असतात. कधी त्या मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत जातात, कधी पोटाच्या पडद्यापार, कधी गुदाशयापर्यंत. शिवाय शिंगाबरोबर शेण, माती आणि धोतराचा किंवा पँटचा तुकडाही आत जातो. म्हणून जाणता सर्जन अशी जखम वरच्यावर दोन टाके घालून बंद करत नाही. ती उघडतो, आतल्या वाटा शोधतो, भरपूर पाण्याने धुतो आणि बऱ्याचदा काही दिवस उघडीच ठेवतो. वरून बंद केलेल्या शिंगाच्या जखमेत पू साठायला फार दिवस लागत नाहीत.

स्पेनमध्ये बैलांच्या झुंजी चालतात, त्यामुळे तिथे शिंगाच्या जखमांवर उपचार करणारे सर्जन ही वेगळी जमातच तयार झाली. माद्रिदच्या लास व्हेंतास या झुंजीच्या मैदानाबाहेर १९६४ साली पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगचा पुतळा उभारला गेला आणि त्याच्यासमोर टोपी उंचावून अभिवादन करणारा मॅटाडोर दाखवला आहे. पेनिसिलिनच्या आधी कित्येक जण मैदानात जिवंत राहत आणि नंतर चिघळलेल्या जखमेने जात. त्या पुतळ्यामागचं कारण हेच. आपल्याकडे रोज शिंगांजवळ वावरणारी माणसं स्पेनपेक्षा कितीतरी जास्त, पण या जखमेचं ज्ञान तालुक्याच्या गावापलीकडे गेलेलं नाही, हे मला खटकतं.

घरच्यांनी करायचं ते थोडंच आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं. पोटातून आतडं बाहेर आलं असेल तर ते आत ढकलायचं नाही. स्वच्छ कापड पाण्यात भिजवून त्यावर अंथरायचं, माणसाला आडवं ठेवायचं आणि काहीही खायला-प्यायला द्यायचं नाही, कारण भूल द्यावी लागणार आहे. आणि भोक कितीही लहान असलं तरी जिथे ऑपरेशन होतं अशा दवाखान्यात न्यायचं.

बैलाने मारलं की आपण म्हणतो ‘मारकाच आहे’. खरं तर मारका बैल सगळ्या गावाला ठाऊक असतो आणि सगळे त्याला वळसा घालून जातात. माणूस बेसावध राहतो तो ओळखीच्या जनावरापाशी. काल व्यालेली गाय, एरवी पोरंही जिच्या पोटाखालून जातात ती, वासराजवळ वाकलेल्या माणसाला हुंदाडते. तिच्या दृष्टीने तिचं काहीच चुकलेलं नाही.

जनावराचं बुजणं समजून घ्यायचं तर त्याच्या डोळ्यांपासून सुरुवात करावी. गाई-बैलांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्यांना जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ती बरोबर मागची पट्टी आणि नाकापुढची अगदी जवळची जागा. इतकं रुंद दिसण्याची किंमत म्हणजे खोलीचा अंदाज कच्चा राहतो. जमिनीवरची सावली, डबकं, सिमेंटच्या कोब्यावरून डांबरावर जाणारी रेघ या गोष्टी त्यांना खड्ड्यासारख्या भासतात आणि ती थबकतात. मागून काठी बसली की पुढे खड्डा आणि मागे मार अशा कात्रीत सापडलेलं जनावर उधळतं. लाल रंग पाहून बैल चवताळतो हे मात्र खोटं. त्याला लाल नीट ओळखूही येत नाही, तो बिथरतो कापड हलण्याने. कान आपल्यापेक्षा तिखट. माणसाला सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, गाईला सुमारे ३५ हजारांपर्यंतचा. पोळ्याच्या डीजेचा त्रास आपल्याला होतो तेव्हा बैलाला काय होत असेल याचा अंदाज करावा. बुजलेल्या जनावराची गाठ गर्दीशी शर्यतीतही पडते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी दिली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. शर्यतीत जखमी होणाऱ्यांत गाडीवाल्यांबरोबर बघेही असतात, कारण शेवटच्या रेषेपाशी मोबाइल उंचावून गर्दी नेमकी जनावरांच्या वाटेत उभी राहते.

लाथेचंही एक शास्त्र आहे. घोडा सरळ मागे झाडतो. गाय पाय आधी पुढे घेते, मग बाहेरून गोल फिरवत मागे नेते. म्हणून गाईच्या बाजूला, मांडीजवळ बसून धार काढणाऱ्या बाईला लाथ बसते ती मनगटावर, जबड्यावर किंवा बरगडीवर. जनावराच्या अगदी अंगाला लागून उभं राहिलं तर लाथेला जोर घ्यायला जागा मिळत नाही, आणि चार-पाच हात लांब राहिलं तर ती पोहोचत नाही. मार बसतो तो या दोहोंच्या मधल्या जागेत. इगतपुरी-त्र्यंबककडची डांगी गाय काटक आणि बेताच्या चणीची असते. तेलकट अंग आणि काळे टणक खूर यांच्या जोरावर ती डोंगरातला मुसळधार पाऊस सोसते. सिन्नर-निफाडच्या गोठ्यात आता होल्स्टिनच्या संकरित गाई आहेत, आणि त्या तिच्याहून बऱ्याच वजनदार. पाचशे किलोची गाय नुसती भिंतीकडे सरकली तरी मध्ये सापडलेल्या माणसाच्या बरगड्या मोडतात. त्यात तिने काही ‘मारलेलं’ही नसतं.

लाथेचा धोका असा की लागल्यावर माणूस उठतो, कपडे झटकतो आणि दूध घालायला डेअरीवर जातो. डाव्या बरगड्यांच्या आत प्लीहा असते. रक्ताने भरलेला, पातळ आवरणाचा हा अवयव. आवरणाच्या आतच फाटला तर रक्त काही तास, कधी काही दिवस आत धरून ठेवतो आणि मग एकदम फुटतो. यात एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. लाथ लागलेली असते पोटाला आणि दुखायला लागतो डावा खांदा, ज्याला काहीही लागलेलं नाही. पोटात सांडलेलं रक्त श्वासपटलाला टोचतं. श्वासपटलाची नस मानेतल्या ज्या मुळांतून निघते त्याच मुळांतून खांद्याच्या कातडीच्या संवेदनाही येतात, त्यामुळे मेंदूचा पत्ता चुकतो. यकृताला इजा असेल तर असाच उजवा खांदा दुखतो. लहान मुलांच्या बरगड्या इतक्या लवचीक असतात की हाड न मोडता आतला अवयव फाटतो, म्हणजे एक्स-रे स्वच्छ आणि पोरगं मात्र पांढरंफटक. घाम, धडधड, तहान, पोट ताठ होणं, दुसऱ्या दिवशी उलट्या यांपैकी काहीही दिसलं तर सोनोग्राफी व्हायला हवी. लाथेने पोटाचा मधला भाग पाठीच्या कण्यावर दाबला गेला तर स्वादुपिंड चिरडतं, आणि ते बोलायला लागतं एक-दोन दिवसांनी.

कासऱ्याबद्दल एवढंच, की तो हाताला गुंडाळून धरू नये. जनावर उधळलं की गुंडाळी आवळते आणि अंगठा मुळापासून ओढला जातो. मुठीत धरलेला दोर सुटतो. जनावर पळून गेलं तर संध्याकाळपर्यंत सापडतं.

यापुढच्या इजा दिसायलाच क्षुल्लक. धार काढताना गाय शेपटी मारते, केसांचा झुपका डोळ्यावर बसतो. डोळा चुरचुरतो, पाणी येतं. शेपटीचे केस शेणा-मुताने माखलेले असतात आणि त्यांत बुरशीचे बीजाणू असतात. बुबुळावर नखाएवढाही ओरखडा पुरतो. भारतात शेतकऱ्यांच्या बुबुळावर पडणाऱ्या फुलांमागे फ्युजॅरियम आणि ॲस्परजिलस या बुरश्या मोठ्या प्रमाणात सापडतात. लागण्याच्या कारणांत पिकाच्या पात्याबरोबर गाईच्या शेपटीची नोंदही डोळ्यांच्या डॉक्टरांनी केलेली आहे. इथे सगळ्यात मोठा घात करतात ते मेडिकलमधून मागून आणलेले स्टिरॉइडचे थेंब. लाली लगेच कमी होते, माणूस खूश होतो आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. डोळ्यात दूध, मध, तूप घालणं हाही त्यातलाच प्रकार.

दुसरी इजा तर इजा म्हणूनही कोणी मोजत नाही. गाय लाळ गाळते, गिळत नाही, वेगळ्याच आवाजात हंबरते. घरच्यांना वाटतं घशात काहीतरी अडकलंय. कोणीतरी बाही सरसावून हात तिच्या घशात घालतं. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या गाईला रेबीज झाला तर नेमकं असंच दिसतं, कारण गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असतात. हातावरच्या जुन्या चिरेतून लाळ आत जायला वेळ लागत नाही. अशा वेळी हात साबणाने पंधरा मिनिटं धुणं आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करणं याला पर्याय नाही. रेबीज एकदा उमटला की पुढे काही करता येत नाही.

आता धनुर्वात. त्याचे जंतू घोड्या-गुरांच्या आतड्यांत असतात, शेणा-लिदीतून मातीत जातात आणि बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं टिकतात. नाशिक गाव आणि नाशिकरोड स्टेशन यांच्यामध्ये १८८९ मध्ये सुरू झालेली ट्राम आधी घोडेच ओढत. त्या काळच्या कुठल्याही शहराचा रस्ता म्हणजे लिदीचा थर, आणि अनवाणी पायात घुसलेला खिळा म्हणजे जिवाशी गाठ. योगायोग असा, की त्याच १८८९ साली बर्लिनमध्ये शिबासाबुरो कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने धनुर्वाताचा जंतू वेगळा काढला. या जंतूला हवा सोसत नाही. खोल, अरुंद, वरून बंद झालेली जखम त्याच्या सोयीची, म्हणजे शिंगाची, खिळ्याची, काट्याची. जबडा आखडतो तो साधारण आठवड्या-दहा दिवसांनी, तोवर जखम भरलेली असते आणि विसरलेलीही.

बाळंतपणातला आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारताने हटवल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. त्यामागे गरोदर बायांना दिलेली लस आहे. पण याची दुसरी बाजू कमी बोलली जाते. साठीतल्या पुरुषाला लस देण्याची वेळ सरकारी कार्यक्रमात कधी आलीच नाही. त्याच्या लहानपणी शाळेतलं लसीकरण नव्हतं आणि गरोदर तर तो राहणार नव्हता. बैलांजवळ आयुष्य घालवणारा तोच. काही जण चाकू लागला तरी ‘टीटीचं इंजेक्शन’ घेऊन येतात, काहींनी जन्मात घेतलेलं नसतं. मूळ डोस पुरे झाले असतील तर दर दहा वर्षांनी एक डोस पुरतो, आणि शेणा-मातीची खोल जखम असेल तर आधीच्या डोसला पाच वर्षं उलटली की पुन्हा एक. हल्ली टीटीच्या जागी टीडी मिळतं, त्यात घटसर्पापासूनही संरक्षण असतं. ज्याने कधीच लस घेतलेली नाही त्याला गलिच्छ जखमेनंतर लसीबरोबर तयार प्रतिपिंडंही द्यावी लागतात.

ही तयार प्रतिपिंडं बराच काळ आली ती घोड्यांकडूनच. कितासातो आणि त्याचा सहकारी बेरिंग यांनी १८९० मध्ये दाखवलं, की विषाचे थोडे थोडे डोस दिलेल्या जनावराच्या रक्तद्रवात विष निष्प्रभ करणारं काहीतरी तयार होतं. घोडा मोठा, शांत, बादलीभर रक्त देऊनही तगणारा. म्हणून जगभर घोड्यांचे तबेले औषधाचे कारखाने झाले. अमेरिकेत सेंट लुइस शहरात दुधाची गाडी ओढून निवृत्त झालेला जिम नावाचा घोडा मुलांच्या घटसर्पावरचं औषध देत होता. १९०१ मध्ये त्याला स्वतःलाच धनुर्वात झाला. त्याचा आजार लक्षात येण्याआधी काढलेल्या रक्ताच्या बाटल्या वापरल्या गेल्या आणि तेरा मुलं दगावली. त्याच वर्षी बेरिंगला वैद्यकाचं पहिलं नोबेल मिळालं. पुढच्या वर्षी अमेरिकेने अशा औषधांवर देखरेखीचा कायदा केला.

व्हिएन्नातल्या मुलांच्या वॉर्डात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक हे दोन डॉक्टर वेगळंच काही पाहत होते. घोड्याचं सीरम दिलेल्या मुलांना आठवड्या-दहा दिवसांनी ताप, गांधी, सांधेदुखी होत होती. तेच सीरम पुन्हा दिलं तर त्रास तासाभरात, आणि जास्त जोरात. विष नव्हतं, जंतू नव्हते, होती ती फक्त घोड्याची प्रथिनं. बाधा घडवत होतं मुलांचं स्वतःचं शरीर. १९०५ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं, १९०६ मध्ये पिर्केने ‘ॲलर्जी’ हा शब्द दिला. आज धूळ, शेंगदाणे, परागकण यांच्यासाठी आपण सर्रास वापरतो तो शब्द घोड्याच्या रक्तातून आला आहे.

नाशिकशी याचा संबंध रोजचा आहे. सुरगाणा, पेठ, इगतपुरीच्या भातखाचरांत पावसाळ्यात साप चावतात आणि सापाच्या विषावरचं औषध आजही घोडाच देतो. नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावात असं औषध बनतं, पिंपरीत हाफकिनच्या तबेल्यांत बनतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्याला अगदी कमी मात्रेपासून चढत्या क्रमाने टोचतात, मग रक्तद्रव काढून घेतात. प्रतिपिंडांना पेप्सिनने कापून त्यांचा नको असलेला भाग टाकतात, तरी उरलेलं घोड्याचंच असतं. त्यामुळे सलाइनमधून ते सुरू झाल्यावर काही रुग्णांना पहिल्या तासा-दोन तासांत खाज, गांधी, थंडी, उलट्या होतात. क्वचित रक्तदाब कोसळतो आणि घसा आवळतो. हे होऊ शकतं हे वॉर्डला माहीत असतं, म्हणून ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवलेलं असतं. ते मांडीच्या स्नायूत देतात, आराम पडला की औषध पुन्हा सुरू करतात. श्रीलंकेत हजारावर सर्पदंशाच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत आधीच दिलेल्या थोड्या ॲड्रेनलिनने गंभीर प्रतिक्रिया कमी झाल्या. आपल्याकडे भरवशाची समजली जाणारी हायड्रोकॉर्टिसोन आणि फेनर्गनची इंजेक्शनं मात्र त्या कामी आली नाहीत. कातडीवर थेंब टोचून आधी ‘टेस्ट’ घेण्याचाही उपयोग नाही, कारण ती पुढचं काही सांगत नाही आणि वेळ खाते. प्रतिक्रिया आली म्हणून ‘औषध सोसलं नाही, बंद करा’ असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये. गांधी उतरतात, घोणसाचं विष आपोआप उतरत नाही. घरी गेल्यावर पाच-सात दिवसांनी किंवा पंधरवड्याच्या आत ताप आणि सांधेदुखी आली तर ती पिर्केने पाहिली तीच. तिला पुन्हा ‘विष चढलं’ समजून मांत्रिकाकडे धावू नये.

गोठ्यातल्या रोजच्या ॲलर्जीकडे वळलं की गुन्हेगार शोधणं अवघड होतं. लोक केसांना दोष देतात. खरा त्रास देतं ते कातडीच्या कोंड्यातलं, लाळेतलं आणि मुतातलं प्रथिन, केस हे फक्त त्याचं वाहन. गाईच्या कोंड्यातल्या अशा मुख्य प्रथिनाला शास्त्रज्ञ ‘बॉस डी २’ म्हणतात. घोड्याचं वेगळं, पण त्याच कुळातलं. ज्याला गाईच्या कोंड्याने दमा होतो त्याला तिचं दूध चालू शकतं, कारण दुधातली ॲलर्जीची मुख्य प्रथिनं निराळी आहेत. फिनलंडमध्ये कामामुळे होणाऱ्या दम्यामागे गाईचा कोंडा हे दीर्घकाळ मोठं कारण राहिलं. तिथे हिवाळाभर गाई बंद गोठ्यात आणि माणसं त्याच हवेत. आपला गोठा उघडा, तीन बाजूंनी वारा, म्हणून आपल्याकडे हा प्रकार कमी दिसतो. पण सगळीकडे बंद शेड आणि कुलर आले तर चित्र बदलेल असं मला वाटतं.

आपल्याकडे धार काढणाऱ्याला खोकला येतो त्याचं मूळ बहुधा गव्हाणीत सापडतं. पावसात भिजून बुरसलेला कडबा किंवा पेंढा झाडला की जो धुरळा उठतो त्यात सूक्ष्म जिवाणू आणि बुरशी असतात. चार ते आठ तासांनी ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, धाप सुरू होते, दुसऱ्या दिवशी उतरते, पुन्हा पेंढा झाडला की पुन्हा. हा न्यूमोनिया नव्हे, दमाही नव्हे. इंग्लंडमध्ये १९३२ साली याचं वर्णन झालं, ‘शेतकऱ्याचं फुफ्फुस’ हे त्याचं नाव. वर्षानुवर्षं चाललं तर फुफ्फुस घट्ट होऊन जातं.

आणि चेहऱ्यावरचा इसब? पापण्या सुजलेल्या, मान काळवंडलेली, कोपराच्या आत खाज, पावसाळ्यात वाढणारी. घरचे म्हणतात म्हशीची ॲलर्जी. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट लावतो आणि निघतं गाजरगवत. अमेरिकी गव्हाबरोबर आलं असं ज्याच्याबद्दल सांगतात ते हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि दोन दशकांत तिथल्याच डॉक्टरांनी त्याच्या त्वचारोगाची नोंद जगापुढे ठेवली. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या चुऱ्यातही राहतं. चुरा वैरणीबरोबर गोठ्यात येतो, चरून आलेल्या जनावराच्या अंगावर बसतो, आणि खरारा करणाऱ्याच्या तोंडावर उडतो. म्हैस विकून इसब जात नाही. बांधावरचं गाजरगवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून उपटलं तर बरंच कमी होतं. गोचिडांसाठी सायपरमेथ्रिनची फवारणी केल्यावर चेहरा झोंबतो आणि मुंग्या येतात, तीही ॲलर्जी नसते. तो औषधाचा नसांवरचा थेट परिणाम आहे. वाऱ्याकडे पाठ करून, तोंड झाकून फवारलं तर टळतो.

इतकं वाचून पोरांना गोठ्यापासून तोडू मात्र नये. अमेरिकेतले आमिश आणि हटराइट हे दोन्ही समाज युरोपातून आलेले, रक्ताने जवळचे, राहणीही सारखी. आमिशांची शेती घोड्यांवर चालते आणि गोठा घराला लागून. हटराइटांची शेती यांत्रिक, गुरं वस्तीपासून लांब. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश मुलांत दमा सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांत २१ टक्के सापडला. आमिश घरांच्या धुळीत जंतूंचे अंश कितीतरी जास्त होते, आणि लहान वयात त्यांच्याशी ओळख झालेली रोगप्रतिकारक यंत्रणा पुढे उगाच चवताळत नाही असा त्याचा अर्थ लावला जातो. याचा फायदा अगदी बालवयातला. पन्नाशीत दमा जडलेल्याला गोठ्यात जास्त वेळ बसवून तो बरा होणार नाही.

शेवटी हातांवरचे फोड. शेळ्यांच्या ओठांवर मावा उठतो तेव्हा करडांना बाटलीने दूध पाजणाऱ्याच्या बोटावर एखादा लालसर, मध्ये पांढरा, फुगीर फोड येतो. तो विषाणूचा असतो, महिना-दीड महिन्यात आपला आपण जातो. गळू समजून फोडला तर चिघळतो. म्हशीच्या सडांवर देवी येतात त्या अधिक पसरतात. महाराष्ट्रात १९८५ ते १९८७ दरम्यान याच्या साथी आल्या, नव्वदच्या दशकात पुन्हा, आणि २००९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात. धार काढणाऱ्यांच्या बोटांवर, मनगटावर, कधी कपाळावर फोड, बगलेत गाठ, ताप. हा विषाणू माणसांच्या देवीच्या लशीत असलेल्या विषाणूचा अगदी जवळचा नातेवाईक. ती लस आपल्या देशात पारडांच्या कातडीवरही वाढवली जात होती, त्यामुळे म्हशीची देवी लशीतूनच निसटली असावी असा तर्क आहे. भारत १९७७ मध्ये देवीमुक्त ठरला, त्यानंतर टोचणं थांबलं. म्हणजे आज पंचेचाळिशीच्या आतल्या कोणाच्याही दंडावर देवीच्या टोचणीचा व्रण नाही आणि शरीराला या कुळातल्या विषाणूंची ओळखही नाही. कराचीत २००४-०५ मध्ये भाजलेल्या रुग्णांच्या पाच विभागांत हाच विषाणू पसरला. रुग्ण एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवले जात होते, त्यांच्याबरोबर तोही गेला.

सडांवर फोड असलेली म्हैस सगळ्यांत शेवटी पिळावी, नंतर हात साबणाने धुवावेत, आणि ज्याच्या हातावर फोड आहे त्याने खपली पडेपर्यंत दुसऱ्या म्हशीच्या सडाला आणि स्वतःच्या डोळ्याला हात लावू नये. गोठ्यात इसब असलेलं मूल असेल तर त्याला तेवढे दिवस लांब ठेवावं, कारण इसबाच्या कातडीवर हे फोड भराभर पसरतात. पशुवैद्यकाला बोलावताना घरातल्या कोणाच्या हातावर फोड आले आहेत हेही सांगावं. तो खपलीचा नमुना पाठवू शकतो, आणि माणसांच्या डॉक्टरला त्यावरून पुढचं समजतं.